लहान लेथसाठी १०० मिमीचा ट्रू चक घ्यावा की डॉग चक? आणि बॅकप्लेट कशी बसवावी?

फावला_वेळ

नमस्कार. माझ्याकडे टेबलावर मावणारा लहान लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापण्याचे यंत्र) आहे. बेडवरून १८० मिमी व्यासापर्यंतचा जॉब (कापायचा तुकडा) फिरतो, स्पिंडलचे (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचे) भोक २० मिमीचे आहे आणि स्पिंडलच्या तोंडाशी आटे नसून ८० मिमी व्यासाची फ्लँज (सपाट गोल कडा) आहे. त्या फ्लँजवर ५५ मिमी व्यासाचा खांदा (उंच गोल भाग) आहे. यंत्राबरोबर आलेला ८० मिमीचा ट्रू चक, म्हणजे तीन जॉ (जबडे) एकदमच सरकवून जॉब पकडणारा चक, त्या खांद्यावर बसतो आणि फ्लँजच्या मागून एम ६ च्या (६ मिमी आट्यांच्या) तीन नटांनी आवळला जातो.

माझी अडचण अशी की बुश, स्पेसर किंवा लहान पुली करताना एका बाजूचे टर्निंग झाल्यावर जॉब उलटा धरून दुसरी बाजू घेतली, की दोन्ही व्यास एका अक्षावर येत नाहीत आणि सांध्यावर नखाला पायरी लागते. डायल गेज लावून पाहिले तेव्हा १२ मिमीच्या गजावर जॉच्या अगदी जवळ काट्याची एकूण हालचाल ०.११ मिमी भरली. चकच्या नावातच ‘ट्रू’ असताना एवढा फरक कसा, हे मला समजलेले नाही. दुसरी अडचण मोठ्या चकत्यांची आहे, कारण त्या धरताना जॉ चकच्या अंगाबाहेर इतके येतात की यंत्र चालू करण्याचे धैर्य होत नाही.

यावर उपाय म्हणून १०० मिमीचा चांगल्या प्रतीचा ट्रू चक घ्यावा असा माझा विचार आहे. एका परिचितांनी चार जॉचा डॉग चक (ज्यात प्रत्येक जॉ वेगळा फिरवतात) सुचवला आहे, तर दुसऱ्यांनी ईआर ३२ कॉलेट चक (चिरा दिलेल्या नळीने गज सर्व बाजूंनी आवळणारा) घ्या असे सांगितले आहे. १०० मिमीच्या चकला मध्ये बॅकप्लेट (फ्लँज आणि चक यांना जोडणारी तबकडी) लागेल एवढे मला कळते, परंतु ती स्वतः करता येईल का आणि करताना अचूकता नेमकी कोठे सांभाळावी लागते, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

---

जुना_टर्नर

नवीन चक घेण्याआधी जुन्याची तपासणी पूर्ण करा, कारण ०.११ मिमीपैकी चकचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती, हे आपण अजून पाहिलेले नाही.

चक उतरवा आणि उतरवताना बेडवर एक लाकडी फळी आडवी ठेवा. चक हातातून निसटला तर त्याला काही होत नाही, बेडला मात्र कायमचा खड्डा पडतो. फ्लँज आणि तिचा खांदा स्वच्छ पुसून डायल गेजचे टोक प्रथम खांद्याच्या परिघावर आणि नंतर फ्लँजच्या तोंडावर टेकवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. दोन्ही ठिकाणी काटा ०.०१ मिमीच्या आसपास राहिला पाहिजे. येथेच काटा जास्त हलत असेल, तर कितीही चांगला चक आणला तरी तो त्याच चुकीवर बसणार आहे. त्यानंतर फ्लँजच्या छिद्रांच्या कडांवरून बोट फिरवा. बोल्ट घालताना-काढताना तेथे बारीक बर (धातूची उचललेली कड) उभी राहते, आणि तेवढ्याने चकचे तोंड एका बाजूने उचलले जाते. बर सपाट ऑइलस्टोनने हळूच घासून काढावी. तेथे कानस लावू नये.

मग चक उघडा. तीन जॉवर आणि त्यांच्या खाचांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. ते त्याच क्रमाने परत घालावे लागतात, कारण स्क्रोलच्या (जॉ पुढे-मागे सरकवणाऱ्या आतल्या चकतीच्या) सर्पिल आट्याशी जुळण्यासाठी प्रत्येक जॉचे दाते थोडे पुढे-मागे कापलेले असतात. क्रम चुकला तर तीन जॉ मध्यावर एकत्र येतच नाहीत. स्क्रोलच्या आट्यात आणि जॉच्या दात्यांत लोखंडाचा बारीक कीस अडकलेला असतो, तो ब्रश आणि रॉकेलने काढा. हवेचा झोत मारू नका, त्याने कीस आणखी आत जातो आणि डोळ्यांनाही धोका असतो. जोडताना आत थोडेच तेल पुरे. ग्रीस भरपूर भरले, तर तेच पुढचा कीस धरून ठेवते.

हे झाल्यावर पुन्हा मोजा, पण साध्या गजावर नव्हे. ओढलेला किंवा रोल केलेला गज स्वतःच पूर्ण गोल किंवा सरळ नसतो, त्यामुळे ग्राइंड केलेली डॉवेल पिन किंवा सिल्व्हर स्टीलचा गज वापरावा. चकच्या बाहेरच्या परिघावर डायल लावूनही काही कळत नाही, कारण तो पृष्ठभाग जॉच्या केंद्राशी जुळवलेला असतोच असे नाही. दोन ठिकाणी नोंद घ्या, एक जॉपासून सुमारे १५ मिमीवर आणि दुसरी ७५ मिमीवर. दोन्ही आकडे सारखे आले तर गज अक्षापासून केवळ बाजूला सरकलेला आहे. दूरचा आकडा वाढला तर गज तिरका धरला जात आहे, आणि त्याची कारणे वेगळी असतात. शेवटी चावी तिन्ही भोकांत आळीपाळीने लावून प्रत्येक वेळी नोंद घ्या. बहुतेक चकमध्ये एखाद्या भोकातून आवळल्यास रनआउट (फिरताना काट्याची एकूण हालचाल) सर्वांत कमी येतो. तेथे पंचाने खूण करून ठेवा आणि यापुढे शेवटचा पीळ त्याच भोकातून द्या.

---

दशांश

वरील उत्तराला एक महत्त्वाची पुरवणी जोडतो, कारण प्रश्नाचे मूळ मला मोजमापापेक्षा समजुतीत दिसते.

‘ट्रू चक’ हे कारखान्यात रूढ झालेले नाव आहे. त्याचा अर्थ एवढाच की तिन्ही जॉ एकाच स्क्रोलवर चालत असल्यामुळे जॉब आपोआप मध्याजवळ येतो. ‘जवळ’ म्हणजे नव्या, चांगल्या चकमध्येही काट्याची एकूण हालचाल ०.०५ ते ०.१० मिमी असणे सामान्य आहे. शिवाय ती प्रत्येक व्यासाला वेगळी असते, कारण जॉ स्क्रोलच्या ज्या भागावर येतात त्या भागाची चूक तेथे दिसते. १२ मिमीवर उत्तम चालणारा चक २५ मिमीवर तसा चालेल असे गृहीत धरता येत नाही.

आता ही चूक जॉबमध्ये कधी उतरते ते पाहू. ओबडधोबड गज चकमध्ये धरून आपण टूल चालवतो, तेव्हा कापला जाणारा पृष्ठभाग स्पिंडलच्या अक्षाभोवती तयार होतो, चकच्या केंद्राभोवती नव्हे. गज वाकडा धरला असेल तर कच्च्या भागाची साल एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने पातळ निघेल, एवढाच फरक. जॉब न काढता बाहेरचा व्यास, भोक आणि तोंड तिन्ही एकाच धरणीत केले, तर चकमध्ये ०.११ असो की ०.३० असो, ते तिन्ही एकमेकांशी जुळलेलेच असतात. जॉब काढून उलटा धरला की मात्र चकची संपूर्ण चूक जागी होते. काट्याची एकूण हालचाल ०.११ म्हणजे केंद्र ०.०५५ मिमीने सरकलेले, आणि आपल्या नखाला लागणारी पायरी ती हीच.

त्यामुळे महाग ट्रू चक घेऊन आपण ०.११ वरून कदाचित ०.०५ वर याल, पायरी निम्मी होईल, पण जाणार नाही. बुश आणि स्पेसर बहुतेक वेळा एकाच धरणीत पूर्ण करून पार्टिंग टूलने कापून घेता येतात. त्याची सवय लागली की चकविषयीच्या निम्म्या तक्रारी उरत नाहीत. जेथे उलटून धरणे टळतच नाही, तेथे डॉग चक हेच खरे उत्तर आहे.

ईआर ३२ विषयी थोडक्यात. तो चक उत्तम असतो, लहान व्यासाच्या तयार पृष्ठभागावर डाग न पाडता घट्ट पकडतो आणि बाहेर आलेले जॉ नसल्याने टूल अगदी जवळ नेता येते. परंतु त्याची मर्यादा २० मिमीची आहे आणि प्रत्येक कॉलेट साधारण १ मिमीच्या पट्ट्यातच आवळते, म्हणजे संपूर्ण संच घ्यावा लागतो. कॉलेटच्या लांबीच्या मानाने फारच आखूड तुकडा धरला, तर कॉलेट एका टोकाला आवळून तिरकी होते. आपल्या मोठ्या चकत्यांच्या अडचणीवर तर तिचा काहीच उपयोग नाही.

---

बिडाची_वीट

१०० मिमीच्या आकाराविषयी मी सावध राहायला सांगेन. जाडी तीच धरली तर फिरणाऱ्या चकतीचे जडत्व व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते; ८० वरून १०० म्हणजे व्यास सव्वापट आणि जडत्व जवळजवळ अडीचपट. प्रत्यक्षात मोठा चक जाडही असतो आणि बॅकप्लेटचे वजन वेगळे. लहान लेथची मोटर आणि तिचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी दोन्ही बेताच्या असतात, त्यामुळे चालू-बंद करताना वेग हळूहळू वाढवण्याची आणि उतरवण्याची सवय लावावी लागेल. चकवर कोरलेला कमाल वेग यंत्राच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल, तर यंत्राचा नॉब कितीही पुढे जात असला तरी चकची मर्यादा पाळायची. बिडाच्या अंगाच्या चकबाबत हे विशेष सांगतो. पोलादी अंगाचा चक अधिक वेग सोसतो.

दुसरी बाब लांबीची. प्लेट आणि चक मिळून जॉब पुढच्या बेअरिंगपासून आणखी दूर जातो, तितका तो कापताना थरथरतो, विशेषतः पार्टिंगच्या वेळी. म्हणून प्लेट लागेल तेवढीच जाड ठेवावी. तिसरी बाब मोकळ्या जागेची. बेडवर केंद्रापासून ९० मिमी जागा आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. कॅरेजचे (टूल धरून बेडवर सरकणाऱ्या भागाचे) पंख आणि त्यावरची क्रॉस स्लाइड त्याहून पुष्कळ वर असतात. चकची त्रिज्या ५० आणि जॉ २० मिमी बाहेर आले तर ७० मिमीचे वर्तुळ फिरते. कोणताही नवा जॉब धरल्यावर टूल शेवटच्या जागेपर्यंत नेऊन चक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहिल्याशिवाय स्विच दाबू नये.

ही सावधगिरी मान्य असेल, तर १८० मिमीच्या लेथला १०० मिमीचा चक शोभतो. १२५ चा मोह मात्र ठेवू नका. मोठी चकती धरायची असेल तर बाहेरून धरणारे उलटे जॉ वापरा. जॉचे निम्म्याहून अधिक दाते स्क्रोलमध्ये गुंतलेले असलेच पाहिजेत. ते राहत नसतील तर जॉब त्या चकचा नाही, असे समजावे.

---

फावला_वेळ

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे मोजणी केली. स्पिंडलच्या खांद्यावर काटा ०.०१ च्या आत राहतो, तोंडावरही तसेच. फ्लँजच्या एका छिद्राच्या कडेला खरोखरच बर होती आणि स्क्रोलमध्ये पितळेची एक कुरळी चिप दाबून बसलेली सापडली. साफसफाईपूर्वी ग्राइंड केलेल्या १२ मिमी पिनवर १५ मिमी अंतरावर ०.११ आणि ७५ मिमी अंतरावर ०.१९ होते, आता तेच आकडे ०.०७ आणि ०.०८ आहेत. दोन क्रमांकाच्या भोकातून आवळल्यास जवळचा आकडा ०.०५ येतो. म्हणजे चकला मी उगाचच दोष देत होतो.

उलटून धरण्याची कामे राहणारच आहेत, म्हणून १०० मिमीचा डॉग चक घ्यायचे ठरवले आहे. ज्या चकचा विचार आहे त्याच्या पाठीमागे ७२ मिमीची खाच आणि ८४ मिमीच्या वर्तुळावर एम ८ चे आटे असलेली चार छिद्रे आहेत. माझ्या फ्लँजवर ६६ मिमीच्या वर्तुळावर तीन छिद्रे आहेत. बॅकप्लेट स्वतः करावी म्हणतो. कोठून सुरुवात करू?

---

जुना_टर्नर

निवड चांगली आहे, आणि तिचा एक फायदा कोणी सांगितलेला नाही. आयुष्यातली पहिली बॅकप्लेट डॉग चकसाठीच करावी. त्यात प्रत्येक जॉब आपण चार जॉ वेगवेगळे फिरवून मध्यावर आणतो, त्यामुळे प्लेटचा खांदा शतांशाने सैल झाला तरी जॉबचे काही बिघडत नाही. चक एका बाजूला सरकून असमतोल फिरू नये, एवढाच खांदा जुळवण्याचा हेतू. प्लेटचे तोंड मात्र अक्षाशी काटकोनातच हवे, कारण तेथली चूक चार जॉ फिरवून दुरुस्त होत नाही. ट्रू चकमध्ये दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

धातू म्हणून बीड घ्या. ते स्वच्छ कापले जाते, लांब चिप काढत नाही आणि थरथर शोषून घेते. फक्त त्याची काळी पूड बेडवर साचते, म्हणून बेड कागदाने झाकून घ्या. पहिला काप ओतकामाच्या कठीण सालीच्या खाली जाईल एवढा खोल असावा, नाहीतर टूलची धार सालीवर घासून जाते. प्लेटची तयार जाडी १५ ते १८ मिमी पुरेल.

आधी पाठीमागची बाजू करावी. आपल्या चकमध्ये तुकडा असा धरा की जॉचे निम्म्याहून अधिक दाते स्क्रोलमध्ये गुंतलेले राहतील, आणि एकाच धरणीत पाठीचे तोंड सपाट करून त्यात ५५ मिमीची खाच बोअर करा. स्पिंडलच्या खांद्यावर ती खाच हाताने दाबून बसेल, पण हलणार नाही, इतकी जुळली पाहिजे. खाचेची खोली खांद्याच्या उंचीपेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवा. प्लेट फ्लँजच्या तोंडावर टेकली पाहिजे, खांद्याच्या माथ्यावर नव्हे. पहिल्यांदा प्लेट करणारे नेमके येथेच चुकतात. तसेच पाठीचे तोंड मध्यभागी केसभर खोल असले तर चालेल, उंच असलेले मुळीच चालणार नाही, कारण मग प्लेट डुगडुगते.

यानंतर ६६ मिमीच्या वर्तुळावर तीन छिद्रे पाडून त्यांत एम ६ चे आटे घाला. ती छिद्रे फ्लँजवरूनच उतरवून घ्यावीत, कागदावरच्या आकृतीवरून नव्हे. टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) मारल्यावर आट्याच्या तोंडाशी धातू उचलला जातो, म्हणून प्रत्येक छिद्राला आधी मोठ्या ड्रिलने थोडी उतरती कड द्या. स्टड घालून प्लेट स्पिंडलवर चढवा, नट एकेक करून थोडे थोडे आवळा, आणि फ्लँज व प्लेट यांच्या कडेवर समोरासमोर एक खूण करा. यापुढे प्लेट प्रत्येक वेळी त्याच खुणेवर बसवायची.

पुढची बाजू आता जागेवरच करायची आहे, आणि सगळ्या खटाटोपाचे मर्म येथे आहे. प्लेट ज्या स्पिंडलवर राहणार त्याच स्पिंडलवर फिरत असताना तिचे तोंड आणि ७२ मिमीचा खांदा कापला, की स्पिंडलमध्ये जी काही उरलीसुरली चूक असेल ती त्या कापातच पुसली जाते. तयार विकत घेतलेली प्लेटसुद्धा या शेवटच्या कापाशिवाय वापरू नये. खांद्याची उंची चकच्या खाचेच्या खोलीपेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा, कारण वर सांगितलेला नियम येथेही तोच आहे. खांद्याच्या मुळाशी टूलच्या टोकाची गोलाई उरते. तेथे बारीक खाच मारा किंवा चकच्या कडेला उतार आहे का ते पाहा, नाहीतर चक त्या गोलाईवर चढून बसतो.

शेवटचे ०.१ मिमी उरले की घाई सोडा. ०.०२ चे काप घ्या आणि दर वेळी चक हातात धरून खांद्यावर लावून पाहा. त्याआधी प्लेट थंड होऊ द्या: ७२ मिमीचे बीड २० अंशांनी तापले तर व्यास सुमारे ०.०१६ मिमीने वाढतो, म्हणजे गरम असताना बरोबर बसलेला चक थंड झाल्यावर सैल होतो. चक थोडा ओढून घ्यावा लागेल असे वाटले की थांबा. ठोकून बसवावा लागत असेल तर अजून एक काप बाकी आहे.

---

बिडाची_वीट

छिद्रांबाबत एक अडचण पुढे येईल, ती आधीच सांगतो. तीन आणि चार छिद्रांचे दोन गट एकाच प्लेटवर आणताना ती एकमेकांत घुसणार नाहीत असा कोन निवडावा लागतो. तिनांच्या गटात १२० अंश आणि चारांच्या गटात ९० अंश असल्यामुळे कसेही फिरवले, तरी सर्वांत जवळच्या जोडीत १५ अंशांपेक्षा जास्त अंतर मिळूच शकत नाही. ६६ आणि ८४ मिमीच्या वर्तुळांवर १५ अंशांच्या फरकाने येणाऱ्या दोन केंद्रांत साधारण १३ मिमी अंतर राहते. एम ८ च्या अॅलन बोल्टचे डोके मागून बुडवण्यासाठी १४ मिमीचा खड्डा लागतो, म्हणजे खड्ड्याची कड आणि एम ६ चे छिद्र यांच्यामध्ये सुमारे ३ मिमी धातू उरतो. पुरेसा आहे, पण आखणीत एखादा अंश चुकला तर पुरणार नाही. तीन जॉच्या चकला हा प्रश्न नसतो. तेथे दोन्ही गट ६० अंशांनी फिरवले की मोकळी जागा मिळते.

आपले ८४ मिमीचे वर्तुळ ८० मिमीच्या फ्लँजच्या जेमतेम बाहेर आहे, म्हणजे बोल्टची डोकी अर्धवट फ्लँजखाली येतील. ती प्लेटच्या पाठीत पूर्ण बुडाली पाहिजेत, आणि चक आधी प्लेटवर आवळून मग संपूर्ण जोडी फ्लँजवर चढवावी लागेल.

चकच्या छिद्रांच्या जागा प्लेटवर उतरवण्यासाठी एम ८ चे चार सेटस्क्रू (डोके नसलेले स्क्रू) टोकदार घासून घ्या, ते चकच्या पाठीतल्या आट्यांत एक-दोन मिमी टोक बाहेर राहील असे फिरवा, चक खांद्यावर बसवून १५ अंशांच्या खुणेशी जुळवा आणि समोरून लाकडी हातोडीने एक हलका ठोका द्या. चार ठिपके मिळतील, तेथेच ड्रिल मारा. प्लेटमधली ही छिद्रे ८.५ किंवा ९ मिमीची मोकळी ठेवावीत. चकला मध्यावर ठेवण्याचे काम खांद्याचे आहे. बोल्टांनी फक्त ओढून धरायचे.

---

आटेवाला

माझ्या जुन्या लेथच्या स्पिंडलवर फ्लँज नसून बाहेरून आटे आहेत. या चर्चेतली प्लेटची पद्धत मलाही लागू पडेल का?

---

जुना_टर्नर

पडेल, मात्र दोन फरक आहेत. आटे चकला मध्यावर आणत नाहीत. ते काम आट्यांच्या मागच्या गुळगुळीत दंडगोल भागाचे आणि काटकोनातल्या खांद्याचे असते. म्हणून प्लेटमध्ये आटे किंचित सैल चालतील, पण तो गुळगुळीत भाग आणि खांदा जुळलेच पाहिजेत. आट्यांत एक बारीक चिप राहिली तरी चक तिरका बसतो, तेव्हा चढवण्यापूर्वी आट्यांतून जाड दोरा फिरवून घ्यावा.

दुसरा फरक सुरक्षिततेचा आहे: अशा स्पिंडलवर उलट्या दिशेने फिरवून कापू नका आणि अचानक ब्रेकही लावू नका, चक सुटून येतो. चक घट्ट अडकला तर बॅकगिअर (वेग कमी करणारे गिअर) गुंतवून हिसका देण्याची पद्धत काही जण सांगतात, तिच्यामुळे गिअरचे दाते मोडतात. त्याऐवजी जॉमध्ये जाड षटकोनी गज धरून त्यावर लांब पान्याने दाब द्यावा आणि स्पिंडल मागून पट्ट्याने किंवा खुंटीने रोखावे.

---

दशांश

प्लेट होईपर्यंत डॉग चकमध्ये जॉब मध्यावर घेण्याचा सराव कसा करावा, हे सांगून ठेवतो. अनेक जण या चकला भितात, आणि त्याचे कारण एकच असते: ते चारही जॉ एकाच वेळी फिरवत बसतात.

चकच्या तोंडावर कोरलेल्या वर्तुळांच्या आधाराने चारही जॉ अंदाजे सारख्या अंतरावर आणून जॉब हलका धरा. डायल गेज लावा, एक जॉ टोकासमोर आणून आकडा पाहा, मग चक अर्धा फेरा फिरवून समोरच्या जॉचा आकडा पाहा. दोघांत ०.४० चा फरक असेल तर जॉब ०.२० ने सरकवायचा आहे. ज्या बाजूला जॉब दूर आहे, म्हणजे काटा कमी दाखवतो, त्या बाजूचा जॉ आधी थोडा सैल करा आणि नंतर समोरचा आवळा. आवळण्याआधी सैल करण्याचा हा क्रम मोडू नका. ही जोडी ०.०५ च्या आत आली की दुसऱ्या जोडीकडे वळा आणि मग पुन्हा पहिल्याकडे या. शेवटची ०.०२ ची दुरुस्ती सैल न करता केवळ आवळूनच होते. दोन चाव्या हाताशी असतील तर समोरासमोरचे जॉ एकदमच फिरवता येतात आणि वेळ निम्मा लागतो. तयार पृष्ठभाग धरताना जॉखाली तांब्याच्या पातळ पट्ट्या ठेवाव्यात.

काही जण ट्रू चकसाठी प्लेटचा खांदा मुद्दाम ०.२ ते ०.३ मिमी लहान ठेवून, चक सैल असताना ठोकत मध्यावर आणतात आणि मग बोल्ट आवळतात. एका ठरावीक व्यासाचे बरेच नग करायचे असतील तर ते सोयीचे आहे, कारण त्या व्यासावर रनआउट जवळपास शून्य होतो.

---

जुना_टर्नर

या शेवटच्या सूचनेशी मी सहमत नाही. ठोकून मध्यावर आणलेला चक केवळ बोल्टांच्या घर्षणावर उभा असतो. टूल अडकले की सरकतो, आणि सरकला हे कळायलाही वेळ लागतो. त्यासाठी अंगातच आडवे सेटस्क्रू असलेले चक बनवलेले असतात. त्यांत स्क्रू चकला चारही बाजूंनी दाबून धरतात. ती सोय नसेल तर खांदा जुळताच ठेवावा.

---

फावला_वेळ

प्लेट झाली. पहिल्या प्रयत्नात पुढचा खांदा गरम असताना मोजला आणि नेमका ०.०२ ने सैल झाला; सूचना वाचलेली असूनही तसे घडले, हे कबूल करतो. डॉग चक असल्यामुळे तो तसाच ठेवला. प्लेटच्या तोंडावर काटा ०.०१ च्या आत आहे. छिद्रे पाडल्यावर तोंडावर पुन्हा एक पातळ काप घेतला, कारण दोन छिद्रांभोवतीचा धातू बोटाला उंच लागत होता.

काल ३० मिमीचा बुश उलटून धरला आणि मध्यावर घ्यायला पहिल्यांदा २५ मिनिटे लागली, तिसऱ्या बुशला सहा. काटा ०.०२ वर थांबला आणि सांध्यावर नख फिरवले तर पायरी लागली नाही. रोजच्या कामाला जुना ८० मिमीचाच चक लावतो आणि शक्य तेवढे एका धरणीत संपवतो. मोठ्या चकत्यांसाठी डॉग चकचे जॉ उलटे करून घातले, तर ७० मिमीची चकती चकच्या अंगातच मावते.

---

जुना_टर्नर

छान झाले. पहिल्या दोन-तीन तासांच्या कामानंतर प्लेटचे तिन्ही नट आणि चकचे चारही बोल्ट एकदा पुन्हा आवळून पाहा. नव्या जोडणीत ते थोडे बसतात. आणि चारही जॉ एकदा बाहेर काढून त्यांचे स्क्रू पुसून तेल लावा, कारण नव्या चकमध्ये कारखान्यातली ग्राइंडिंगची पूड बहुधा तशीच राहिलेली असते.